समजून घ्या : ‘के-वायर’मधला ‘के’ नेमका कोण?

हात मोडला की ‘तार टाकली’ हे कराड-मलकापूर परिसरात सर्रास ऐकू येते. मलकापुरातील कृष्णा रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर या तारेला ‘के-वायर’ म्हणतात. हा ‘के’ म्हणजे जर्मन सर्जन डॉ. मार्टिन किर्शनर.

कोण होते किर्शनर?

२८ ऑक्टोबर १८७९ रोजी ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे त्यांचा जन्म झाला. १९०४ मध्ये ते स्ट्रासबुर्गमधून डॉक्टर झाले. पुढे क्योनिग्जबर्ग, ट्युबिंगेन आणि हायडेलबर्ग येथे ते शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी काढून रुग्ण वाचवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९२४ मध्ये त्यांनीच केली.

अडचण काय होती?

मांडीचे किंवा पायाचे हाड मोडले की स्नायू आखडतात आणि तुकडे एकमेकांवर चढतात. ते सरळ ठेवण्यासाठी वजन लावून पाय ताणून ठेवावा लागे. त्यासाठी हाडातून जाड खिळा आरपार घालत. पण भोक जितके मोठे, तितकी जंतुसंसर्गाची भीती जास्त. त्या काळी अँटिबायोटिक औषधे नव्हती. हाडात शिरलेला पू पाय घालवू शके, जीवही घेऊ शके.

तारेने काय बदलले?

किर्शनर यांनी १९०९ मध्ये या विषयावर पहिला लेख लिहिला. पुढे त्यांनी सायकलच्या स्पोकपेक्षा बारीक पोलादी तार वापरात आणली. बारीक तार वजनाने वाकेल, ही शंका रास्तच होती. त्यांनी ती नालेच्या आकाराच्या कमानीत घट्ट ताणली. तंबोऱ्याची तार ताणल्यावर कडक होते, तसेच हे. १९२७ मध्ये त्यांनी सुधारित पद्धत प्रसिद्ध केली.

आज ती कशी वापरतात?

किर्शनर यांची तार मुख्यतः हाड ताणण्यासाठी होती. तुकडे जागेवर धरून ठेवण्यासाठी ती नंतर रूढ झाली. लहान मुलांचे कोपर, मनगट किंवा बोटे मोडल्यास डॉक्टर एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हाड बसवतात आणि कातडीतूनच तारा घालतात. मोठा छेद लागत नाही. मुलांच्या कोपरातील तारा साधारण तीन ते चार आठवड्यांनी काढतात. मात्र प्रत्येक फ्रॅक्चरला तार चालत नाही. मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडाला सहसा रॉड किंवा प्लेट लागते.

काळजी काय घ्यावी?

तारेचे टोक बाहेर असेल तर ती जागा कोरडी, स्वच्छ ठेवावी. लाली, पू, ताप किंवा वाढती वेदना दिसली, तर थेट डॉक्टर गाठावा. दुखत नाही म्हणून तार काढायची तारीख चुकवू नये. ज्या जंतुसंसर्गाच्या भीतीपोटी तार बारीक झाली, तो आजही निष्काळजीपणाने होऊ शकतो.

डॉक्टरच रुग्णाकडे

जखमी रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबू नये, डॉक्टरनेच त्याच्याकडे जावे, असा आग्रह किर्शनर यांनी १९३८ मध्ये धरला. ३० ऑगस्ट १९४२ रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले. मलकापूरजवळून जाणाऱ्या पुणे-बेंगळुरू महामार्गावर अपघात झाला की आपण १०८ क्रमांक फिरवतो. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या या रुग्णवाहिका डॉक्टरला घेऊन जखमीकडे जातात, त्यामागचा विचार हाच आहे.