मातीकामाचा गुरू : जॉन लॉकवुड किपलिंग

रड्यार्ड किपलिंग हे नाव इंग्रजीच्या तासाला आपल्या कानावर पडतेच. त्याचे वडील मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात. वस्तुतः मुंबईत दहा वर्षे राबले ते वडील. ते मातीकाम करणारे कलावंत आणि शिक्षक होते, आणि मला ते मुलाइतकेच मोठे वाटतात.

जॉन लॉकवुड किपलिंग यांचा जन्म १८३७ साली यॉर्कशायरमधील पिकरिंग येथे, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लंडनचे १८५१ चे भव्य प्रदर्शन पाहून त्यांचे मन कारागिरीकडे ओढले गेले. बर्स्लेम हे इंग्लंडमधील कुंभारकामाचे मोठे केंद्र. तिथल्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या सजावटीवरही ते कामाला होते.

१८६५ साली लग्न होताच ते पत्नी ॲलिससह मुंबईस आले. आमच्या कर्जतवरून बोरघाट चढणारी रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मुंबईत नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांना शिल्पकार हवे होते. सर जमशेदजी जीजीभॉय कलाशाळेत किपलिंग शिल्पकाम शिकवू लागले. त्याच डिसेंबरात रड्यार्डचा जन्म झाला.

आम्ही कर्जत-खालापूरची मंडळी खरेदीसाठी क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत जातो. पण मान वर करून पाहतो कोण? १८६९ च्या या इमारतीच्या प्रवेशद्वारावरचे शिल्पपट किपलिंग यांचे आहेत. मी ते मुद्दाम थांबून पाहिले. त्यांत राजेरजवाडे नाहीत, शेतात राबणारी माणसे आहेत.

१८७० पासून सरकारच्या सांगण्यावरून उत्तर हिंदुस्थानात फिरून त्यांनी कामात गढलेल्या कारागिरांची चित्रे काढली. १८७५ साली ते लाहोरला गेले. तिथली मेयो कलाशाळा आणि संग्रहालय त्यांनी १८९३ पर्यंत सांभाळले. देशी कारागिराने विलायती नमुन्यांची नक्कल करू नये, आपल्या परंपरेतून शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न येथील वाड्यातील दरबार दालन त्यांच्या भाई रामसिंग या शिष्याने सजविले. वृद्धपणी मुलाच्या ‘किम’ कादंबरीसाठी त्यांनी चित्रे काढली तीही मातीच्या उठावशिल्पांतून. १९११ साली त्यांचे निधन झाले.

ते राज्यकर्त्यांचे नोकर होते, हे विसरून चालणार नाही. त्यांचे नाव राहिले. त्या इमारतींसाठी दगड फोडणाऱ्या बहुतेक पाथरवटांची नावे मात्र कुठेच कोरलेली नाहीत. तरीही हाताचे काम ही विद्या आहे, ती पाहून आणि करून शिकता येते, ही गोष्ट त्यांनी दोन शहरांत रुजविली.

तिचे मोल पुढे एका मुलाने सिद्ध केले. सतीश गुजराल लहानपणीच ऐकू येईनासे झाल्यामुळे नेहमीच्या शाळांना पारखे झाले. १९३९ साली त्यांना लाहोरच्या याच मेयो शाळेत प्रवेश मिळाला. तिथे दगड, लाकूड, धातू, माती यांची कामे शिकवीत. १९४४ साली ते आपल्या जे. जे. मध्ये आले. पुढे त्यांनी भाजलेल्या मातीची मोठी भित्तिशिल्पे घडविली. २०२० साली ते गेले. जिथे विद्या डोळ्यांनी आणि बोटांनी घ्यायची असते, तिथे बंद कान आडवे आले नाहीत.

मित्रांनो, आपण कला शाखेचे विद्यार्थी म्हणवतो. पण आपल्या ‘कले’त हाताला काहीच काम नसते. शेजारच्या पेणला गणपती घडविणारा, आपल्या तालुक्यात चाक फिरविणारा कुंभार आपल्याला अडाणी वाटतो. किपलिंग अशा माणसांसमोर वही-पेन्सिल घेऊन बसत. आपणही एखादे दिवशी बसून पाहावे. जे आपल्या पुस्तकांत नाही, असे पुष्कळ त्यांच्या हातांत आहे.