दोनदा कारखाना जळाला, भावंडं म्हणाली खेळण्यांचा नाद सोड. पण याच सुतारामुळे आज लेगोच्या तुकड्यांतून बुगाटी उभी राहते

२०१८ साली झेक प्रजासत्ताकातल्या क्लाडनो इथे एक गाडी तयार झाली. बुगाटी शिरॉन. आकार खऱ्या गाडीएवढा, वजन जवळपास दीड टन. फरक एवढाच, की ही गाडी लेगोच्या तुकड्यांची होती. दहा लाखांहून जास्त तुकडे एकमेकांत बसवले होते आणि जोडायला गोंदाचा थेंबही वापरला नव्हता. आत खेळण्यातल्या २,३०४ छोट्या मोटर होत्या. त्या जोरावर ही गाडी माणूस बसवून ताशी २० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चालली.

त्याच वर्षी या गाडीची धाकटी बहीण दुकानांत आली. खऱ्या शिरॉनच्या एक अष्टमांश मापाची, साधारण ५६ सेंटीमीटर लांब. तुकडे ३,५९९. गाडी ढकलली की आतल्या १६ सिलिंडरच्या इंजिनाचे पिस्टन वरखाली होतात. आठ गिअरचा गिअरबॉक्स खरोखर काम करतो. मात्र हा गिअरबॉक्स आधी जोडायचा असतो आणि बाहेरची बॉडी शेवटी बसवायची असते. म्हणजे सुरुवातीला एक दातेरी चाक चुकीच्या जागी गेलं, तर ते शेकडो तुकड्यांनंतर कळतं आणि मग सगळं उलगडून परत पहिल्यापासून.

हे सगळं जमतं एकाच कारणाने. प्रत्येक तुकडा इतका नेमका असतो, की तो बसतो तेव्हा घट्ट बसतो आणि काढायचा म्हटलं तर हाताने निघतो. हजारो तुकड्यांत प्रत्येकाच्या मापात केसाएवढा जरी फरक पडला, तरी गाडी वाकडी होईल आणि गिअर अडकतील.

नेमकेपणाचा हा हट्ट आला कुठून? त्यासाठी डेन्मार्कमधल्या एका छोट्या गावात, एका सुताराच्या कारखान्यात जावं लागतं. त्या सुताराचं नाव ओले कर्क ख्रिश्चनसेन.

खेड्यातला सुतार

ओले यांचा जन्म ७ एप्रिल १८९१ चा. डेन्मार्कच्या युटलंड भागात फिल्स्कोव्ह गावाजवळ, एका गरीब आणि मोठ्या कुटुंबात. लहानपणी गुरं राखली, मग मोठ्या भावाच्या हाताखाली सुतारकाम शिकले. पुढे कामासाठी जर्मनी आणि नॉर्वेला गेले. नॉर्वेत हान्सीने नावाची मुलगी भेटली. १९१६ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि त्याच वर्षी ओले यांनी बिलुंड गावातला एक सुतारकामाचा कारखाना विकत घेतला.

बिलुंड तेव्हा नकाशावर शोधावं लागेल असं गाव होतं. आजूबाजूला माळरान आणि शेती. दारं, खिडक्या, कपाटं, शेतकऱ्यांची घरं आणि गोठे, मिळेल ते काम ओले करायचे. घरात चार मुलगे झाले: योहानेस, कार्ल गेओर्ग, गॉटफ्रेड आणि गेरहार्ट.

१९२४ मध्ये पहिला घाव बसला. कार्ल गेओर्ग आणि गॉटफ्रेड कारखान्यात खेळत होते. एक पाच वर्षांच्या आतबाहेरचा, दुसरा त्याहून लहान. खेळता खेळता लाकडाच्या ढलप्यांनी पेट घेतला. सुताराच्या कारखान्यात आग लागल्यावर काय उरणार? कारखाना गेला आणि घरही गेलं.

ओले यांनी नवी जागा बांधली आणि ती आधीपेक्षा मोठी बांधली. कर्जही तेवढंच मोठं झालं. पण काम चालू होतं, त्यामुळे फार चिंता नव्हती.

मंदी आली, बायको गेली

१९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि त्याची झळ बिलुंडपर्यंत पोहोचली. डेन्मार्कचा शेतमाल बाहेर विकला जात असे, त्याचे भाव पडले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, तर तो नवा गोठा बांधणार कशाला? ओले यांना माणसं कमी करावी लागली.

मोठी कामं मिळेनात, म्हणून ते छोट्या वस्तूंकडे वळले. शिड्या, इस्त्रीची टेबलं, स्टूल. आणि उरलेल्या लाकडातून खेळणी. १९३२ मध्ये खेळण्यांचं काम नीट सुरू झालं. त्याच वर्षी हान्सीने वारल्या. ओले ४१ वर्षांचे, पदरात चार मुलगे. थोरला पंधरा वर्षांचा, धाकटा सहाचा. धंदा डबघाईला आलेला.

पैशांसाठी ते भावंडांकडे गेले. भावंडांनी कर्जाला हमी दिली, पण खेळण्यांचा नाद सोड असंही सुनावलं. त्यांच्या जागी कोणीही असतं तरी हेच म्हणालं असतं. लोकांना खायची भ्रांत असताना लाकडी गाड्या विकत कोण घेणार? एका घाऊक व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर दिली, पण माल पोहोचण्याआधीच त्याचं दिवाळं निघालं. तयार खेळणी अंगावर पडली. ओले यांनी ती गाडीत भरली आणि दुकानोदुकानी फिरून स्वतः विकली.

त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये यो-योचं वेड आलं. ओले यांनी धडाक्यात यो-यो बनवले. वेड आलं तसंच अचानक गेलं आणि ढिगाने यो-यो पडून राहिले. ओले यांनी ते मधोमध कापले आणि खेळण्यातल्या ट्रकना चाकं म्हणून लावले.

१९३४ मध्ये कंपनीला नाव हवं होतं. ओले यांनी कामगारांत स्पर्धा लावली. बक्षीस होतं घरी बनवलेल्या वाइनची बाटली. शेवटी निवडलं गेलं ते मात्र त्यांनी स्वतःच सुचवलेलं नाव. डॅनिश भाषेत चांगलं खेळ या अर्थाचे दोन शब्द आहेत, लेग आणि गॉट. त्यांची सुरुवातीची अक्षरं जोडून झालं लेगो. याच वर्षी त्यांनी सोफी यांच्याशी दुसरं लग्न केलं. पुढे त्यांना एक मुलगी झाली.

पॉलिशचा तिसरा हात

आता तो प्रसंग, जो कंपनीत आजही सांगितला जातो.

लेगोचं लाकडी बदक तेव्हा चांगलं खपायचं. दोरी ओढली की ते चोच उघडत मागे यायचं. बदकाला पॉलिशचे तीन हात द्यायचे असा ओले यांचा नियम होता. गॉटफ्रेड तेव्हा वडिलांच्या हाताखाली काम करणारा पोरगा. एकदा एका ऑर्डरच्या बदकांना त्याने दोनच हात दिले, माल पेटीत भरला आणि रेल्वे स्टेशनवर पोहोचवून आला. मग मोठ्या अभिमानाने वडिलांना सांगितलं, की आपण कंपनीचे पैसे वाचवले.

त्याला वाटलं शाबासकी मिळेल. ओले यांनी त्याला परत स्टेशनवर पाठवलं. सगळ्या पेट्या आणायच्या, बदकं बाहेर काढायची, तिसरा हात द्यायचा आणि पुन्हा भरून पोहोचवायची. रात्रभर जागावं लागलं तरी चालेल, पण हे काम त्याने एकट्याने करायचं.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. ओले यांच्याकडे तेव्हा पैसा नव्हता. पॉलिशचा डबा वाचला असता तर हवाच होता, आणि दोन हातांचं बदक गिऱ्हाइकाला ओळखूही आलं नसतं. तरी त्यांनी माल परत आणला. गॉटफ्रेडच्या मनावर हे कायमचं कोरलं गेलं. पुढे त्याने खरोखरच एक लाकडी फलक कोरून कारखान्याच्या भिंतीवर लावला. जे सर्वोत्तम आहे तेवढंच पुरेसं चांगलं, असा त्याचा मथितार्थ.

दुसरी आग

१९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतला. मार्च १९४२ मध्ये कारखान्याला पुन्हा आग लागली. या वेळी इमारत आणि मालाबरोबर वर्षानुवर्षांचे नमुने आणि आराखडेही जळाले. ओले पन्नाशी ओलांडलेले. सगळं सोडून द्यावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण कारखान्यावर गावातली कितीतरी घरं चालत होती. त्यांनी तिसऱ्यांदा उभारणी केली, आणि यावेळी फक्त खेळण्यांसाठी.

युद्ध संपलं आणि ओले यांनी सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारा निर्णय घेतला. आयुष्यभर लाकूड हाताळलेल्या या माणसाने इंग्लंडमध्ये बनलेलं, प्लास्टिक साच्यात ओतणारं यंत्र विकत घ्यायचं ठरवलं. किंमत ३०,००० क्रोनर, कंपनीच्या मानाने प्रचंड. घरच्यांचा विरोध होता. प्लास्टिक लाकडाची जागा घेऊच शकत नाही, असं या धंद्यातल्या अनेकांचं मत होतं. तरीही यंत्र आलं. डेन्मार्कमधल्या खेळणीवाल्यांत असं यंत्र घेणारे ओले पहिले.

वीट नेमकी कोणाची?

लेगोची वीट ही ओले यांची मूळ कल्पना नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज नावाचे खेळणी बनवणारे गृहस्थ होते, कंपनीचं नाव किडीक्राफ्ट. वर गोल खुंट्या असलेल्या, एकमेकींवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा त्यांनी आधीच बाजारात आणल्या होत्या आणि ब्रिटनमध्ये त्यांचं पेटंटही घेतलं होतं. त्यांचे नमुने ओले आणि गॉटफ्रेड यांच्या हाती पडले. मापात आणि रूपात थोडे बदल करून लेगोने १९४९ मध्ये स्वतःच्या विटा काढल्या. पेज १९५७ मध्ये वारले. किडीक्राफ्टच्या विटेचे हक्क लेगोने विकत घेतले ते थेट १९८१ मध्ये. पेज यांचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे.

लेगोच्या त्या पहिल्या विटांची गंमत म्हणजे त्या फारशा खपल्या नाहीत. आतून त्या पोकळ होत्या. खालच्या विटेच्या खुंट्या वरच्या विटेच्या भिंतींना फक्त टेकायच्या. दोनचार मजले चढवले की सगळं डगमगायला लागायचं. अशा विटांची गाडी केली असती, तर जमिनीवर फिरवताना तिचे भाग सुटे झाले असते.

१९५० पासून गॉटफ्रेड यांच्याकडे कारभाराची बरीच सूत्रं आली. ओले यांची तब्येत खालावत होती. एका दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याशी बोलताना गॉटफ्रेड यांच्या लक्षात आलं, की खेळण्यांच्या धंद्यात कुठलीच पद्धत नाही, प्रत्येक खेळणं सुटं. मग १९५५ मध्ये लेगोने विटांची अख्खी प्रणाली आणली. आज घेतलेला संच उद्याच्या संचाला जोडता आला पाहिजे, ही अट. पण त्यासाठी वीट घट्ट बसायला हवी होती.

उत्तर सापडलं नळीत. विटेच्या पोकळीत नळ्या बसवल्या. आता खालच्या विटेची खुंटी भिंत आणि नळी यांच्यात तीन बाजूंनी धरली जाऊ लागली. २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगनमध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला.

त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, ११ मार्च १९५८ रोजी, ओले यांचं हृदयविकाराने निधन झालं. वय ६६.

जे त्यांनी पाहिलं नाही

१९६० मध्ये लेगोला पुन्हा आग लागली, या वेळी लाकडी खेळण्यांच्या गोदामाला. गॉटफ्रेड यांनी लाकडाचं काम बंद करून फक्त विटांवर भर द्यायचं ठरवलं. यावरून भावांत मतभेद झाले आणि कार्ल गेओर्ग व गेरहार्ट कंपनीतून बाहेर पडले. १९६२ मध्ये लेगोला चाक मिळालं. पुढच्या वर्षी एबीएस हे जास्त टिकाऊ प्लास्टिक आलं. १९६८ मध्ये बिलुंडमध्ये लेगोलँड उघडलं. १९७७ मध्ये गिअर आणि दांडे असलेले तांत्रिक संच आले. त्याच वाटेने पुढे पोर्शे, बुगाटी, लॅम्बोर्गिनी आणि फेरारी आल्या.

शिरॉनच्या त्या संचात खुंट्यांच्या विटांपेक्षा भोकांच्या पट्ट्या आणि पिनाच जास्त आहेत. पण नियम जुनाच. १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. दोन खुंट्यांच्या मध्यांमधलं अंतर तेव्हाही ८ मिलिमीटर होतं, आजही तेवढंच आहे.

गाडी पूर्ण झाल्यावर गिअरबॉक्स बॉडीखाली झाकला जातो, बाहेरून त्यातलं फारसं दिसत नाही. बदकावरचा पॉलिशचा तिसरा हातही बाहेरून ओळखू येत नव्हता. ओले यांनी त्यासाठी मुलाला स्टेशनवर परत पाठवलं होतं.