महाकवीने शोधलेले हाड

'शाकुंतला'ने भारावून गेलेले जर्मन महाकवी म्हणून योहान वोल्फगांग गटे मराठी रसिकांना परिचित आहेत. मात्र, मानवी जबड्यातील एका लहानशा हाडासाठी याच कवीने अनेक वर्षे उपेक्षा सोसली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

गटे यांचा जन्म २८ ऑगस्ट १७४९ रोजी फ्रँकफुर्ट येथे झाला. शिक्षण कायद्याचे झाले असले, तरी १७७४ मधील 'वेर्थर' या कादंबरीने त्यांना युरोपभर कीर्ती मिळवून दिली. पुढील वर्षी ते वायमार संस्थानात आले. तेथील राज्यकारभार सांभाळतानाच येना विद्यापीठातील प्राध्यापक लोडर यांच्याकडे त्यांनी शरीररचनाशास्त्राचे धडे घेतले.

सस्तन प्राण्यांचे वरचे पटाशीचे दात जबड्याच्या पुढील भागातील एका स्वतंत्र हाडात रुजलेले असतात. माणसाला हे हाडच नाही आणि त्यातच त्याचे प्राण्यांहून वेगळेपण आहे, असे त्या काळच्या नामवंत शास्त्रज्ञांचे मत होते. निसर्ग सर्व प्राण्यांना एकाच मूळ आराखड्यावर घडवतो, अशी धारणा असलेल्या गटे यांना हे पटेना. मार्च १७८४ मध्ये येना येथे माणसाच्या आणि प्राण्यांच्या कवट्यांची तुलना करताना त्यांना उलगडा झाला. माणसातही हे हाड असते. पण ते जन्मापूर्वीच शेजारच्या हाडांशी जुळू लागते. टाळूवर, पटाशीच्या दातांमागे, तेवढी त्याची पुसट सांधरेषा उरते.

गटे यांनी आपला प्रबंध विद्वानांकडे पाठवला. डच शास्त्रज्ञ पेट्रुस काम्पर यांनी माणसाविषयीचा निष्कर्ष अमान्य केला. कवीची कीर्ती येथे उपयोगी पडली नाही. फ्रान्समध्ये विक दाझीर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच हाड ओळखले होते, याची गटे यांना कल्पना नव्हती.

तब्बल ३६ वर्षांनी, १८२० मध्ये, त्यांनी तो प्रबंध स्वतःच प्रसिद्ध केला. चित्रांसह तो एका विद्वत्सभेच्या ग्रंथात छापला गेला, तो १८३१ मध्ये. २२ मार्च १८३२ रोजी वायमार येथे गटे यांचे निधन झाले.

दुभंगलेल्या ओठाची व टाळूची शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकांना आज जबड्याच्या याच भागाचा वेगळा विचार करावा लागतो.