फाइल लहान करणारे फिल कॅट्झ

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पुढे आधारची माहिती ऑफलाइन पडताळणीसाठी उतरवून घेण्याची सोय झाली, तेव्हा ती झिप फाइलच्या रूपात मिळू लागली. अँड्रॉइड फोनमध्ये आपण जे अ‍ॅप टाकतो, तेही आतून झिप फाइलच असते. इतकेच काय, संगणक सुरू होताना जागा होणारा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तोही पुष्कळदा याच पद्धतीने दाबून ठेवलेला असतो. ही पद्धत बसवणारे फिल कॅट्झ वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी दारूने गेले.

कॅट्झ यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९६२चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. मिलवॉकीच्या विद्यापीठातून १९८४ साली त्यांनी संगणकशास्त्राची पदवी घेतली. त्या काळी संगणक एकमेकांशी टेलिफोनच्या तारेवरून बोलत. फाइल जितकी मोठी, तितका वेळ लागे आणि तितके बिल चढे. त्यामुळे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला मोठी मागणी होती. कॅट्झ यांनी १९८६ साली पीकेवेअर नावाची कंपनी काढली. सुरुवातीला तिचे काम घरातूनच, आईच्या मदतीने चाले. आधी वापरून पाहा, आवडले तर पैसे पाठवा, अशी विक्रीची रीत होती.

त्यांचा पहिला गाजलेला प्रोग्राम एका दुसऱ्या लहान कंपनीच्या ‘आर्क’ या प्रोग्रामवर बेतलेला होता. तो मूळ प्रोग्रामपेक्षा बराच वेगवान होता, पण त्या कंपनीने १९८८ साली कॅट्झ यांच्यावर खटला भरला. त्याच वर्षी तडजोड झाली आणि कॅट्झ यांना पैसे मोजून माघार घ्यावी लागली. मग त्यांनी स्वतःचे नवे स्वरूप तयार केले. १९८९ साली झिप आले. ते आपल्यापुरते न ठेवता त्यांनी त्याचा तपशील सर्वांसाठी खुला केला. झिप फाइल कशी वाचायची, हे कोणालाही कळू शकत होते.

काही वर्षांनी त्यांनी झिपमध्ये ‘डिफ्लेट’ ही पद्धत आणली. तिची युक्ती सरकारी दवाखान्यातल्या नोंदवहीवरून समजते. शहाद्याच्या बाह्यरुग्ण विभागात एकाच गावचे वीस रुग्ण आले, तर कारकून प्रत्येक ओळीत गाव, तालुका, जिल्हा लिहीत बसत नाही. ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळा होतो. डिफ्लेटही तेच करते. पुन्हा आलेला मजकूर न लिहिता इतकी अक्षरे मागे जा आणि तिथून एवढी उतरवून घे, एवढीच खूण ठेवते. ही कल्पना लेम्पेल आणि झिव या दोन इस्रायली शास्त्रज्ञांची, १९७७ सालची. तिच्या जोडीला हफमन यांची १९५२ सालची रीत आहे. जे वारंवार येते त्याला छोटी खूण आणि जे क्वचित येते त्याला लांब. डॉक्टर चिठ्ठीवर दिवसातून दोनदा असे पूर्ण न लिहिता ‘बीडी’ लिहितात, त्यातलाच हा प्रकार. या दोन जुन्या कल्पना साध्या संगणकावर झपाट्याने चालतील अशा बेताने कॅट्झ यांनी एकत्र बसवल्या.

त्या काळात दाबण्याच्या आणखी एका लोकप्रिय पद्धतीवर पेटंट होते. पेटंटच्या कचाट्यात न सापडणारे काहीतरी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना हवे होते. डिफ्लेट वापरून जाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२ साली ‘जीझिप’ लिहिले. आदल्याच वर्षी जन्मलेल्या लिनक्सच्या कर्नेलनेही पुढे ते उचलले. कॅट्झ स्वतः डॉससाठी लिहीत. कर्नेल दाबण्याचे काम इतरांनी केले.

स्वतःसाठी कर्नेल बांधायला बसलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट हाताळायला मिळते. बांधणी झाली की आधी मोठा, न दाबलेला कर्नेल तयार होतो. मग तो दाबून त्याची प्रतिमा, म्हणजे प्रत्यक्ष सुरू करायची फाइल, बनते. सुरुवातीला तिचे नाव ‘झेडइमेज’ होते आणि ती साधारण ५१२ किलोबाइटच्या आत बसवावी लागे, कारण ती स्मृतीच्या खालच्या, मर्यादित भागात उतरत असे. कर्नेल वाढला तशी वरच्या भागात उतरणारी ‘बीझेडइमेज’ आली. यातल्या बीझेडचा बीझिप२ या वेगळ्या पद्धतीशी संबंध आहे, असे अनेकांना वाटते. तसे नाही, तिथे बी म्हणजे फक्त बिग, मोठी.

या प्रतिमेची रचना बीसीजी लशीच्या कुपीसारखी आहे. लस कोरडी भुकटी म्हणून येते आणि सोबत द्रावण येते. ते मिसळल्याशिवाय टोचता येत नाही. बीझेडइमेजमध्येही पुढे एक छोटा, न दाबलेला प्रोग्राम असतो. तो बाकीचा कर्नेल स्मृतीत उलगडतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. बऱ्याच फोनमध्ये हे उलगडणे आधी चालणारा बूटलोडर करतो. फोटो लहान करताना बारीकसारीक तपशील गाळला तरी चालतो, कर्नेलमध्ये मात्र एक बिटही हरवून चालत नाही.

आज पर्याय बरेच आहेत. ‘एक्सझेड’ने फाइल अधिक लहान होते, पण ती उलगडायला वेळ लागतो. ‘एलझेड४’ची फाइल मोठी राहते, पण ती चटकन उलगडते. जागा कमी असलेल्या यंत्राला पहिली बरी, झटपट सुरू व्हायला हव्या त्या यंत्राला दुसरी. जीझिप या दोहोंच्या मधली आहे. नेहमीच्या पीसीसाठी लिनक्स कर्नेल बांधताना काहीच निवडले नाही, तर आजही जीझिपच वापरली जाते. आणि नेहमीची झिप फाइल आतून उघडून पाहिली, तर पहिली दोन अक्षरे पी आणि के दिसतात. ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे.

कंपनीने लाखो डॉलर कमावले, पण कॅट्झ यांचे पिणे वाढत गेले. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्यांना वारंवार अटक झाली. आईशी संबंध तुटले. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका हॉटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. वर्षानुवर्षांच्या दारूमुळे स्वादुपिंडात रक्तस्राव झाला होता.

स्वादुपिंड हे जठराच्या मागे असते. त्याचे पाचक रस आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागायला हवेत. दारूमुळे ते ग्रंथीतच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. रक्तवाहिनी कुरतडली गेली, तर रक्तस्राव होतो. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखणे, ते पाठीत जाणे, पुढे वाकल्यावर थोडे बरे वाटणे आणि उलट्या ही त्याची लक्षणे. अशा वेळी आम्लपित्ताची गोळी घेऊन घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाटली परदेशी श्नाप्सची असो की सातपुड्यातल्या मोहाच्या दारूची, स्वादुपिंडाला फरक पडत नाही.

कॅट्झ यांच्या हुशारीबद्दल कोणाला शंका नव्हती आणि तिने त्यांना वाचवले नाही. दारूचे व्यसन हा आजार आहे. काम नीट चालले आहे, एवढ्यावरून तो नाही असे ठरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. रुग्णालयात औषधे आणि ब१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो. नंतर ओढ कमी करणारी औषधेही मिळतात. कुठे जावे हे कळत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रुग्णाने किंवा घरच्यांनी फोन करावा.