खोट्या कागदाचा कैदी

फ्रान्सिस ग्रीनवे हा इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी इमारतींचे नकाशे करीत असे. दिवाळे निघाल्यावर त्याने खोटा दस्तऐवज केला. इ. स. १८१२ त त्यास फाशीची शिक्षा झाली. ती बदलून चौदा वर्षांची हद्दपारी ठरली. १८१४ त तो सिडनीस पोहोंचला. गव्हर्नर मॅक्वारी यांनी त्याचे कसब पारखून त्यास सरकारी इमारतींवर नेमिले. त्याने दीपगृह बांधिले, विंडसर येथे उपासनामंदिर उभारिले. त्यास माफीही मिळाली. परंतु ताठा गेला नाही. १८२२ त चाकरी सुटली व १८३७ त तो दारिद्र्यात वारला. पुढे १९६६ साली ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरांच्या नोटेवर त्याचेच चित्र छापिले गेले. वाचकहो, अपराध्याच्या हातींही चांगले काम असते, आणि माफी मिळालेल्याने नम्र असावे, असे आम्हांस वाटते.