डू बॉइस : इतिहासातून वगळलेल्यांचा इतिहासकार

अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यानंतर तीन वर्षांच्या आत, २३ फेब्रुवारी १८६८ रोजी, मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन येथे विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस यांचा जन्म झाला. फिस्क, हार्वर्ड व बर्लिन येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. गुलामांच्या व्यापारावरील बंदीविषयीचा त्यांचा प्रबंध १८९६ मध्ये हार्वर्डच्या इतिहास-ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला. तरीही गोऱ्यांच्या विद्यापीठांत त्यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. १८९७ ते १९१० या काळात त्यांनी अटलांटा विद्यापीठात अध्यापन केले.

त्या काळात १८६५ ते १८७७ या 'पुनर्रचना'पर्वाच्या इतिहासावर कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यवर्गाचे प्रभुत्व होते. मुक्त झालेले गुलाम राज्यकारभारास अपात्र होते आणि त्यांना मताधिकार देणे ही चूक होती, असे हा संप्रदाय मानीत असे. या इतिहासाचा उपयोग कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेण्याच्या समर्थनासाठी होत होता. १९०९ मध्ये अमेरिकन इतिहास परिषदेत वाचलेल्या निबंधात डू बॉइस यांनी दक्षिणेतील लोकशाही शासन, सार्वजनिक शाळा आणि नवे सामाजिक कायदे ही याच पर्वाची देणगी असल्याचे प्रतिपादन केले. निबंध छापला गेला. परंतु प्रस्थापित मत बदलले नाही.

१९१० ते १९३४ पर्यंत 'द क्रायसिस' या मासिकाचे संपादन केल्यानंतर १९३५ मध्ये 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' हा त्यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. युद्धकाळात मळे सोडून गेलेल्या गुलामांच्या हालचालीला त्यांनी पळापळ न मानता सार्वत्रिक संप मानले. पाच लाखांच्या आसपास माणसे त्यात ओढली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. यामुळे गुलाम हा दयेचा विषय न राहता इतिहासाचा कर्ता ठरला. ग्रंथाची मर्यादाही स्पष्ट आहे: त्याचा आधार मुख्यतः छापील शासकीय अहवाल आणि पूर्वसूरींचे ग्रंथ हाच होता. मात्र त्याच साधनांतून विपरीत निष्कर्ष काढता येतात, हे दाखविल्याने पूर्वीच्या इतिहासकारांची तथाकथित तटस्थता उघडी पडली. परिषदेच्या मुखपत्राने ग्रंथाचे परीक्षणही छापले नाही. १९६० नंतरच्या संशोधनाने मात्र त्यातील मध्यवर्ती भूमिका बव्हंशी स्वीकारली.

या विचाराचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केला होता. डनिंग ज्या कोलंबियात अध्यापन करीत, तेथेच १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निग्रोंच्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांसाठीही तसा मार्ग त्यांच्या विचाराधीन होता. डू बॉइस यांनी सहानुभूतिपूर्वक उत्तर दिले.

१९४७ च्या 'द वर्ल्ड अँड आफ्रिका' या ग्रंथात त्यांनी आफ्रिकेला जगाच्या इतिहासात स्थान दिले. १९५१ मध्ये त्यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला झाला. ते निर्दोष सुटले, तरी १९५८ पर्यंत त्यांना पारपत्र मिळाले नाही. १९६१ मध्ये आफ्रिकेच्या ज्ञानकोशाच्या कार्यासाठी ते घानात गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे त्यांचे निधन झाले. ज्ञानकोश अपुरा राहिला. परंतु वंचितांचा इतिहास लिहिताना साधनांइतकीच ती साधने वाचणाऱ्याची दृष्टीही तपासावी लागते, ही त्यांची शिकवण दलित साहित्याच्या अभ्यासकालाही दुर्लक्षिता येणार नाही.