मूत्रपिंडातील गाळण्या पाहणारे मालपिगी

मूत्रपिंड रक्त नेमके कोठे गाळते, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ती जागा प्रथम पाहिली मार्चेल्लो मालपिगी यांनी.

इटलीत बोलोन्याजवळच्या क्रेवाल्कोरे गावी १६२८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वैद्यकाची पदवी घेतल्यावर ते सूक्ष्मदर्शकाकडे वळले. हे साधन तेव्हा नवे होते. १६६१ मध्ये त्यांना बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या आणि रक्त धमन्यांतून शिरांत कसे जाते, याचा उलगडा झाला.

पुढे त्यांनी मूत्रपिंडाच्या धमनीत काळा द्रव सोडला. आत रक्तवाहिन्यांच्या टोकांना फळांसारखे लगडलेले बारीक काळे गोळे दिसले. १६६६ मध्ये त्यांनी हे वर्णन प्रसिद्ध केले. लघवी येथेच वेगळी होत असावी, हा त्यांचा तर्क बरोबर होता. पण गोळ्यांचा नलिकांशी असलेला जोड त्यांना दाखवता आला नाही. तो १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी दाखवला.

प्रत्येक गोळा म्हणजे केशवाहिन्यांचा गुच्छ. तो एका पेल्यात बसलेला असतो आणि पेल्यातून नलिका निघते. एका मूत्रपिंडात अशी सुमारे दहा लाख एकके असतात. रक्ताच्या दाबाने पाणी, क्षार, साखर आणि टाकाऊ पदार्थ पेल्यात गाळले जातात. रक्तपेशी व बहुतेक प्रथिने रक्तातच राहतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. नलिका त्यातला बहुतेक परत शोषतात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते.

रोग बरे करायला असल्या सूक्ष्म रचनेचा काय उपयोग, अशी टीका मालपिगी यांच्यावर बोलोन्यातच झाली. १६८४ मध्ये घराला आग लागून त्यांची कागदपत्रे आणि उपकरणे जळाली. तरी काम थांबले नाही. १६९१ मध्ये पोपचे वैद्य म्हणून ते रोमला गेले आणि १६९४ मध्ये तेथेच वारले.

त्या टीकेचे उत्तर आज सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज मिळते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब याच गाळण्या खराब करतात. निकामी झालेली गाळणी पुन्हा तयार होत नाही आणि बरीच हानी होईपर्यंत त्रासही जाणवत नाही. मात्र गाळणी झिरपू लागली की लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन उतरते. म्हणून या रुग्णांनी वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे.